जावयाच्या ताटातले तितर

ही गोष्ट मी सांगायला लागलो की आमची ही आधी पदर खोचते आणि मग म्हणते, "तुमचं सांगून झालं की खरं काय झालं ते मी सांगते." इतक्या वर्षांत तिची पाळी आलेली नाही, कारण माझं सांगणं संपेपर्यंत ऐकणारे जेवायला उठलेले असतात. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं. लिहिताना कुणाला मध्ये बोलता येत नाही, हा लिहिण्याचा मोठा फायदा आहे.

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळाच्या अलीकडची-पलीकडची. मी तेव्हा नगरला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. गाव पुणतांब्याच्या बाजूला, कालव्याच्या पाण्यावरचं. घराच्या मागच्या दारातून बघितलं तरी ऊस आणि पुढच्या दारातून बघितलं तरी ऊस. सासरवाडी मात्र जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कर्जतच्या अंगाला. तिथं एस.टी. फाट्यावर सोडायची आणि पुढं तासभर पायपीट. सगळा माळ. त्यात तरवडाची पिवळी फुलं, बोरीची खुरटी झुडपं, कुठं एखादी बाभूळ, आणि मधूनच बाजरीचं नाहीतर हुलग्याचं रान. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, या लोकांचं इथलं काहीतरी कुणीतरी उचलून नेलंय. उसात वाढलेल्या माणसाला मोकळी जमीन दिसली की ती रिकामीच वाटते.

लग्न एकाहत्तरच्या उन्हाळ्यात झालं आणि त्याच वर्षी आखाडाचं बोलावणं आलं. आषाढाला आमच्याकडं आखाड म्हणतात. श्रावण लागला की मटण बंद, म्हणून त्याआधी लेकीला आणि जावयाला बोलावून पोटभर खाऊ घालायचं, अशी रीत. मी खाण्याचा शौकीन. रजेचा अर्ज देताना तोंडाला सुटलेलं पाणी साहेबांना दिसू नये म्हणून मान खाली घालून उभा राहिलो, आणि साहेबांना ती नम्रता वाटून रजा लगेच मिळाली.

ताटात आलं ते मात्र मटण नव्हतं. काळ्या मसाल्याच्या तांबड्याकाळ्या रश्श्यात लहान लहान फोडी, आणि फोडींत मांसापेक्षा हाडं जास्त.

"तितर हाय, दाजी, लग्नातल्यावानी," शेजारच्या पाटावरून मेहुणा म्हणाला आणि माझ्या पहिल्या घासाकडं बघत राहिला.

हा हिचा धाकटा भाऊ. तेव्हा विशीतला. मॅट्रिकला दोनदा बसून दोनदा नापास झालेला. औत धरलं तर नांगराचं तास वाकडं, बाजाराला पाठवला तर पिशवी विसरून यायचा. घरात त्याला कुणी रागं भरत नसे, पण कुणी काही विचारतही नसे, आणि ते जास्त वाईट. त्याला एकच विद्या येत होती. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे बारीक फासे वळायचे, ते तितरांच्या वाटेवर मांडायचे आणि झुडपाआड पालथं पडून राहायचं. तितर हा उडण्यापेक्षा पळणारा पक्षी. पळता पळता पाय फाशात गेला की संपलं.

मी घास घेतला. तिखट होतं, चिवट होतं, आणि एक बारीक हाड दाढेत असं जाऊन बसलं की ते मी नगरला घेऊन आलो. पण सगळं घर माझ्याकडं बघत होतं. सासूबाई तेव्हा जावयाशी समोरासमोर बोलत नसत. चुलीपुढून पाठमोऱ्याच लेकीला म्हणाल्या, "त्यांना इचार, आणखी वाढू का?"

"वाढा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? नव्या जावयाला 'नको' म्हणायला वर्षभर तरी जावं लागतं.

इथंच मिटलं असतं. पण दिवाळीला गेलो तर ताटात तितर. संक्रांतीनंतर गेलो तर तितर. एकदा कचेरीच्या कामानं कर्जतला गेलो होतो, म्हटलं वाटेत डोकावून जावं, तर निरोप न देता गेलेल्या माणसालाही तासाभरात तितर मिळाला. सासरच्या गावात पोहोचायच्या आधी माझी कीर्ती पोहोचलेली असे. पारावरची माणसं एकमेकांना सांगत, "तितरवालं जावय आलं." एकदा तर एका अनोळखी म्हाताऱ्यानं मला वाटेत थांबवलं, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "एवढ्याशा पोटात मावतात कुठं?"

ही कीर्ती पसरवली कुणी, असं मी घरात विचारलं की ही स्वयंपाकघरात काहीतरी जोरात घासायला घ्यायची. मी समजलो, मला तितर फार आवडतात असं सासूबाईंनाच वाटलं असेल. आणि ज्या अर्थी एवढ्या मायेनं करतात त्या अर्थी खाल्लं पाहिजे. मी खात राहिलो. नुसता खातच नव्हतो. फाशांसाठी लागणारे केसही नगरहून मीच पुरवत होतो. स्टेशनाजवळ एक टांगेवाला ओळखीचा झाला होता. तो घोड्याचा खरारा करताना गळलेले केस पुडीत बांधून मला द्यायचा आणि विचारायचा, "साहेब, औषधाला लागतात का?" मी म्हणायचो, हो. आपल्याला न आवडणारं कालवण आपणच पिशवीतून पोचवायचं, हे जगात फार थोड्या लोकांना जमलं असेल, असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटत नाही. आता वाटतं, बहुतेक सगळे हेच करतात.

एकाहत्तरचा पाऊस तुटपुंजा झाला आणि बहात्तर साल उजाडलं तसं त्यानं तोंडच फिरवलं. ते वर्ष ज्यांनी बघितलं त्यांना सांगायला नको. माळ आधी पिवळा झाला, मग पांढरा, मग नुसता दगड. मेहुणा खडी फोडायच्या कामावर गेला. गुरांनी गवताची मुळंसुद्धा ठेवली नाहीत, सरपणाला बोरी-बाभळी तुटल्या, आणि माणसांनी हाताला लागेल ते खाल्लं. ससे, लावे, होले, जे होतं ते. त्या वर्षी आखाडाला बोलावणं येणार नाही अशी मला खात्री होती, आणि खरं सांगायचं तर जरा सुटल्यासारखंही वाटत होतं. पण बोलावणं आलं. घरात कण्या होत्या, रेशनची लाल ज्वारी होती, आणि माझ्या ताटात तितर होता. दुष्काळातही जावयाचा मान कमी झाला नाही, हे सासूबाईंना दाखवायचं होतं. त्या दिवशीचा घास मात्र मला खरोखरच गिळवेना. ही शेजारी वारा घालत होती, तिच्या हातातला पंखा मध्येच थांबला, एवढं आठवतं.

त्र्याहत्तरला पाऊस वेळेवर आला. जून सरता सरता माळावर हिरवं पोपटी गवत तरारलं, तरवडाला नवे धुमारे आले. आखाडाला आम्ही दोघं गेलो ते दुपारी पोहोचलो. जेवण दुसऱ्या दिवशी होतं. उन्हं कलल्यावर सासरे म्हणाले, "चला पाव्हनं, रानात चक्कर मारून येऊ."

सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. उंच, वाळकं शरीर, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत आलेला. नगरला येऊन दवाखान्यात दाखवा म्हटलं की ते म्हणायचे, "जेवढं बघायचं तेवढं बघून झालंय." घरापासून रानापर्यंत ते काठी न घेता जात. पुढं वाट आहे का दगड, ते त्यांच्या पायांना माहीत होतं. बाकीचं कान सांगत.

बांधावर पोहोचलो तेव्हा ते थांबले आणि त्यांनी मलाही हातानं थांबवलं. पलीकडच्या बोरीच्या जाळीतून आवाज आला. क-तीतर, क-तीतर, क-तीतर. खणखणीत, कुणी पितळी वाटीवर चमचा वाजवावा तसा. त्याला थोड्या अंतरावरून दुसऱ्या आवाजानं उत्तर दिलं. मामांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडं बघितलं. कुणाच्या देवघरात चपला घालून शिरल्यासारखं वाटलं.

"पूर्वी हितं उभं ऱ्हायलं की चारी अंगांनी बोलायचे," मामा म्हणाले. "सकाळी मी घरातनं निघालो की ह्यो बांध कुठं, त्ये टेकाड कुठं, समदं त्यांच्या आवाजावर कळायचं. आता एवढी येकच जोडी ऱ्हायली."

मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं असतील की लई तितर? पान्याचा मुलूख."

"नाहीत," मी म्हणालो. "ऊस आहे."

"आगुदर हुते का?"

मला आठवेना. मग आठवलं. वडील सांगायचे, कालवा यायच्या आधी आमच्या शिवारातही माळ होता आणि त्यात काय काय होतं. मी ते कधी लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. मी जन्मल्यापासून ऊसच बघितला होता आणि कपात साखर दोन चमचे घालून घेत होतो. तो कपभर चहा गोड व्हायला कुणाची घरं नांगरली गेली, हा विचार माझ्या मनात त्या बांधावर पहिल्यांदा आला. उसानं आम्हाला शाळा दिली, पक्की घरं दिली, मला नोकरीपर्यंत आणून सोडलं. मी त्याला नावं ठेवायला लागलो तर माझीच जीभ झडेल. मामांना मी एवढंच म्हणालो, "होते म्हणतात."

"मग गेले कुठं?" त्यांनी पुन्हा विचारलं. ते टोचून बोलत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"माहीत नाही, मामा."

मग माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. उद्याचं म्हनाल तर काळजी करू नका. पोरगा म्हनलाय, ही जोडी पाव्हन्याला पुरंल."

या माणसानं हे अगदी मोकळ्या मनानं सांगितलं. त्यांच्या शिवारातला शेवटचा आवाज ते माझ्या ताटात वाढायला निघाले होते. बायकोला किंवा मुलाला 'नको' म्हणणं त्यांना शक्य नव्हतं. जावयाच्या ताटात काय पडतं याचा हिशेब सासऱ्यानं करायचा नसतो. त्यानं केला तर गाव म्हणेल, म्हाताऱ्याचा हात आखडला.

परत येताना वाटेत मी सुटकेचे मार्ग शोधत होतो. पोट बिघडलंय म्हणावं? सासूबाई ओव्याचा काढा देतील आणि संध्याकाळी तितर वाढतील. डॉक्टरांनी मांस बंद केलंय म्हणावं? दुसऱ्या दिवशी अख्खं गाव तब्येत विचारायला येईल, आणि ही नगरपर्यंत रडत येईल. तुळशीची माळ घालून टाकावी, हेही मनात आलं. माळकऱ्याला कुणी आग्रह करत नाही. पण मग बोकडाचं मटण जन्मभर सोडावं लागलं असतं. तितरांवरचं माझं प्रेम अजून तेवढं वाढलं नव्हतं. राहिला एकच मार्ग, खरं बोलण्याचा. कचेरीत नोकरी करून त्याची सवय मोडली होती.

दिवेलागणीला पानं मांडली. पिठलं-भाकरी होती. मामा, मी आणि मेहुणा एका ओळीत, ही वाढत होती, सासूबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. मेहुणा उद्याच्या बेतावर बोलत होता. मी दोन घास खाल्ले, पाणी प्यालो, आणि भिंतीकडं बघून म्हणालो, "मला तितर आवडत नाहीत."

भाकरी थापायचा आवाज थांबला.

"थट्टा करता का दाजी," मेहुणा म्हणाला.

"नाही. पहिल्यापासूनच आवडत नाहीत."

"मंग अक्का तर म्हनली हुती—"

सगळे हिच्याकडं बघायला लागले. हिच्या हातात पिठल्याची पातेली होती. ती तिनं खाली ठेवली.

"म्हनले हुते," ती भावाला म्हणाली. माहेरी आली की हिची भाषा फाट्यावरच बदलते. "लग्नात तू दोन दिवस रानात पालथा पडून तितर आनलेस. येवढे वऱ्हाडी जेवले, पन येक जन बोलला न्हाई, चांगलं केलंस म्हनून. तू मांडवाच्या खांबाला टेकून बसला हुतास. म्हनून म्हनलं, दाजींना लई आवडलं. तुला बरं वाटावं म्हनून म्हनलं. मला काय ठावं, तू जल्मभर धरून बसशील."

आणि मग एक नवल झालं. सासूबाई चुलीकडून वळल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलल्या.

"तुमाला आवडत न्हाईत?"

"नाही मामी."

"मंग म्या दोन वर्सं कुनासाठी पिसं उपटली? नखं दुखत्यात माजी. आनि त्यातनं निघतंय काय, मूठभर हाडं. वासबी सोसत न्हाई मला. म्या कधी तोंडाला लावलं न्हाई."

"मला तर चावतच न्हाई," मामा हळूच म्हणाले. "दात हायेत कुठं? पन पाव्हन्यासंगट बसायचं म्हनल्यावर..."

सासूबाई हसायला लागल्या. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत. मग ही हसली. मामाही हसले, आणि मीही. एका माळावरचे तितर दोन वर्षांत संपत आणले होते, आणि जे खात होते त्यातल्या एकालाही ते नको होते. मी सासूबाईंसाठी खात होतो, त्या माझ्यासाठी रांधत होत्या, मेहुणा बहिणीच्या शब्दाखातर फासे लावत होता आणि बहीण त्याच्याखातर तो शब्द बोलली होती. भुकेचा त्यात संबंधच नव्हता. आता पेपरात वाचतो, जगभरची जनावरं-पाखरं कमी होत चाललीत, कारण माणसांना फार लागतं. वाचलं की मला ते जेवण आठवतं. माणसाला फार लागतं हे खरंच आहे, पण त्यातलं किती त्याला खरोखर हवं असतं आणि किती नुसतं शेजारच्या पाटावरचा बघतोय म्हणून, हे कुणीतरी एकदा मोठ्यानं विचारायला पाहिजे. आमच्याकडं मी विचारलं. उशीर केला, पण विचारलं.

हसत नव्हता तो फक्त मेहुणा. त्यानं ताटात हात धुतला, उठला आणि बाहेर जाऊन ओसरीवर पडून राहिला. त्याला जी एक विद्या येत होती, ती कुणालाच नको होती, हे त्याला आत्ता कळलं होतं. ही दोनदा बाहेर जाऊन आली. त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

सकाळी उजाडताना ओसरी रिकामी होती आणि खुंटीवरचे फासेही नव्हते.

"रागाच्या भरात गेला आसंल," सासूबाई म्हणाल्या. "आता मुद्दाम धरून आनंल बघा."

मामा रानाकडं चालायला लागले. मी हातात टमरेल घेऊन दुसऱ्याच कामाला निघालो होतो. ते तसंच हातात घेऊन मी त्यांच्यामागं धावलो. मोतीबिंदू झालेला माणूस त्या दिवशी इतका भरभर चालला की डोळे धड असलेला जावई दोनदा ठेचकाळला.

मेहुणा बांधापलीकडं बोरीच्या जाळीपाशी उकिडवा बसला होता. त्याच्या दोन्ही हातांत तितर होता. त्यानं तो छातीशी धरला होता आणि पक्ष्याची मान तेवढी बाहेर होती, इकडं तिकडं वळणारी.

"सोड त्याला," मी म्हणालो. धाप लागल्यामुळं ते हुकूम केल्यासारखं न वाटता भीक मागितल्यासारखं वाटलं.

"तेच करतोय की. जरा गप बसा," तो म्हणाला. "काल सांच्यालाच मांडले हुते. जेवून उठल्यावर काढाया यायचं मनात हुतं, पन अंधारात फासा हुडकताना पाय पडला असता आंड्यांवर."

"अंडी?"

त्यानं हनुवटीनं जाळीच्या बुडाकडं दाखवलं. गवतात एक खळगी होती, आणि त्यात मातकट पांढरी अंडी. मी टमरेल बाजूला ठेवून वाकून बघितलं.

"तुला माहीत होतं अंडी आहेत?"

"व्हय."

"तरी फासे लावलेस?"

"तुमाला आवडतं म्हनून सांगितलं हुतं मला," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं. "न्हाईतर ह्या दिसांत कोन धरतंय?"

पक्ष्याच्या पायात केसाचा फास रुतला होता. मेहुण्यानं तो नखांनी असा सोडवला की पाय जरासुद्धा ओढला गेला नाही. औत वाकडं धरणारे हेच हात का, असं मला वाटलं. मग त्यानं तितर वडिलांच्या ओंजळीत ठेवला.

मामांनी तो डोळ्यांजवळ नेला, अगदी नाकाला लागेल इतका. त्याचं काळीज धडधडत असणार, ते त्यांच्या तळहाताला कळत होतं. "भ्यायलंय," ते म्हणाले. मग खाली वाकून त्यांनी ओंजळ उघडली. तितर क्षणभर तिथंच बसून राहिला. मला वाटलं, गेला. मग तो एका पायावर जरा लंगडत, मान ताठ ठेवून, तरवडात पळाला.

आम्ही बांधावर बसलो. किती वेळ ते माहीत नाही, पण ऊन पाठीला लागायला लागलं. शेवटी तरवडातून आवाज आला, नेहमीपेक्षा चिरका आणि रागावलेला. थोड्या वेळानं जाळीच्या बाजूनं दुसरा आला. मामांनी डोळे मिटून घेतले होते.

"मादी आंड्यांवर येईल आता," मेहुणा उठत म्हणाला. "आपन हितनं हललं पायजे."

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, थेट मलाच, "मंग तुमाला आवडतं तरी काय?" मी म्हणालो, शेंगोळी. हुलग्याच्या पिठाचे हातावर वळलेले वेढे, लसूण-मिरचीच्या पाण्यात उकडलेले. आमच्या जिल्ह्यात ज्याला ते आवडत नाहीत त्याचा जन्म कुठला हे विचारावं लागतं. त्या वर्षीचा आमचा आखाड शेंगोळीवर झाला. मी तीनदा मागून घेतली आणि तिन्ही वेळा खरं बोललो. याचा परिणाम असा झाला की पुढची सगळी वर्षं मला तिथं शेंगोळीच मिळाली. दिवाळीतही. मटण काही मला त्या घरानं शेवटपर्यंत वाढलं नाही. पण हुलगे पेरले की उगवतात, म्हणून मी तोंड बंद ठेवलं.

मेहुण्याचं पुढं काय झालं ते सांगितलं पाहिजे. त्यानं फासे टाकून दिले नाहीत. खुंटीला तसेच ठेवले. पण त्या पावसाळ्यात तो बांधावरच्या बोरी कुणाला तोडू देईना. शेळ्या घेऊन येणाऱ्यांशी भांडायचा. गवत कापायला आलेल्या बायकांना म्हणायचा, "मावशे, ह्या पट्ट्यात विळा घालू नका, पलीकडं घाला." गावानं आधी त्याला वेडा म्हटलं, मग सवय झाली. घरात त्याला कुणी काही विचारत नसे असं मी वर लिहिलं. आता मामा रोज सकाळी विचारू लागले, "आज किती?" आणि तो सांगायचा. पिलं निघाली तेव्हा त्यानं मला पोस्टकार्ड पाठवलं. त्यात खुशाली, पावसाची हकीकत काही नव्हतं, एकच ओळ होती, पिलं पळायला लागली.

त्या हिवाळ्यात आम्ही गेलो तेव्हा सकाळी आम्ही तिघं बांधावर बसलो होतो. मामा, मेहुणा आणि मी. वाटेनं धुरळा उडवत एक जीप आली. आत शहरातली तीन बडी माणसं, डोक्यावर टोप्या, मांडीवर बंदुका. त्यातल्या एकानं उतरून विचारलं, "इकडं तितर चांगले मिळतात असं ऐकलंय. कोणत्या अंगाला आहेत?"

मेहुणा सावकाश उभा राहिला. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं, माळाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"हुते साहेब. लई हुते," तो म्हणाला. "पन ह्ये आमचं दाजी. नगरला कचेरीत असत्यात. ह्यांनी समदे खाल्ले."

तिघांनीही मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्यांना ते खरं वाटावं म्हणून मी जरा पोट पुढं काढून बसलो. नेमकं त्याच वेळी मागच्या बोरीतून एकजण बोलायला लागला, क-ती... आणि मामांना असा जोराचा ठसका लागला की खाली उतरलेल्यानं जीपमधली बाटली काढून त्यांना पाणी दिलं.

"समदे?" पाणी देता देता त्यानं मला विचारलं.

"आवडतात मला," मी म्हणालो.